शुक्रवारची अकरा गाणी

कारखान्यात नवीन कुणी लागलं की आण्णा त्याला एकच प्रश्न विचारायचे.

"ह्या आठवड्यात आलेलं एक गाणं सांगा बघू."

आवडतं गाणं नव्हे, ह्या आठवड्यात आलेलं. समोरचा माणूस गोंधळायचा आणि कुठल्यातरी जुन्या सिनेमातलं गाणं सांगायचा. आण्णा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते झालं की ओ आता. ह्या आठवड्यात माणसं गायची थांबलीत काय?"

मलाही त्यांनी हेच विचारलं होतं. मी मूळची निपाणीची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये लागले, त्याचा तो दुसरा दिवस. पांढऱ्या मिश्या, खिशात खडू, हातात छोटी हातोडी असा एक माणूस दारात उभा राहून हे विचारतोय म्हणजे ही काहीतरी परीक्षाच असणार, असं मला वाटलं. मी खरं ते सांगितलं, "नाही माहीत."

"बरं झालं. माहीत न्हाय म्हणणारी तुम्ही पयलीच," असं म्हणून ते निघून गेले. त्या शनिवारी त्यांनी माझ्या मोबाईलवर अकरा गाणी पाठवली. पुढं सहा वर्षं, दर शनिवारी, अकरा.

आमच्या फौंड्रीत ट्रकचे ब्रेक ड्रम ओतले जायचे. ओतून, थंड होऊन, साफ होऊन आलेला प्रत्येक ड्रम आण्णांच्या पुढ्यात साखळीला टांगला जायचा आणि आण्णा त्यावर हातोडीनं एक हलका टोला द्यायचे. ड्रम अखंड असला तर घंटेसारखा नाद निघून बराच वेळ रेंगाळायचा. कुठं केसाएवढी जरी चीर असली तरी नाद फाटायचा. चांगल्यावर खडूनं बरोबरची खूण, वाईटावर फुली. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी फुली मारली की साहेबसुद्धा "का?" म्हणून विचारत नसत.

टोला ऐकताना आण्णा डोळे मिटायचे नाहीत, उलट मोठे करायचे. गाणं ऐकतानाही तसंच. त्यामुळं डब्याच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात कानात इअरफोन घालून बसलेले आण्णा कुठल्यातरी बातमीनं दचकलेत असंच लांबून वाटायचं.

ते गुंजीजवळच्या एका वाडीत राहत. घरात भाताची शेती, दोन म्हशी आणि रेंज अजिबात नाही. गुंजी स्टेशनच्या फलाटावर शेवटच्या बाकापाशी मात्र रेंज चांगली यायची. नवी गाणी जगभर शुक्रवारी येतात, हे आण्णांना कुठून कळलं कोण जाणे. दर शुक्रवारी उजाडताच ते मोटारसायकलनं स्टेशनवर जायचे, त्या बाकावर बसून नवी गाणी मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचे आणि मग खानापूरला येऊन कंपनीची बस धरायचे. एकदा नवीन आलेल्या स्टेशन मास्तरांनी त्यांना हटकलं, कुठल्या गाडीला जायचंय म्हणून.

"गाडीला न्हाय, गाण्याला आलोय," आण्णा म्हणाले.

मास्तरांना ते नीट कळलं नाही, पण पुढच्या शुक्रवारपासून ते आण्णांना चहा विचारू लागले.

ही आवड लागली कशी, ते मी त्यांना विचारलं होतं. साधी गोष्ट होती. स्वस्तातला मोबाईल घेतला, त्यात गाण्यांचं अ‍ॅप होतं, त्यावर ते अभंग ऐकायचे. एका सकाळी अभंग संपला आणि मोबाईलनं आपल्या मनानंच पुढचं लावलं. तोच अभंग, पण पुण्याकडच्या चार पोरांनी गिटारवर म्हटलेला. आण्णांना आधी राग आला. ते बंद करायला गेले, पण हाताला शेण होतं, त्यामुळं म्हशीचं आवरेपर्यंत ऐकावं लागलं. आवरून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि परत पहिल्यापासून लावलं.

"साचा तोच होता, आक्का," ते मला म्हणाले. "रस नवा. आपल्याकडं न्हाय का, एकाच साच्यातनं निघालेले दोन ड्रम कधी एकासारखा एक वाजत न्हाईत. मला वाटलं, अरे, गाण्याचंबी तसंच हाय की."

दुसऱ्याचं गाणं पुन्हा आपल्या पद्धतीनं म्हणणं, ज्याला कव्हर म्हणतात, त्याचं वेड त्यांना तिथून लागलं. अकरातली दोन गाणी कव्हर असायचीच. मूळ गाणं आणि कव्हर एकापाठोपाठ एक ऐकायचे आणि कुणी काय बदललं ते तपासनीसासारखं सांगायचे. "ह्यानं वेग कमी केलाय. दुःख दाखवायचंय त्याला. पण ह्या बाईनं काय बदललंच न्हाय, नुसता श्वास दुसरीकडं घेतलाय. ही हुशार."

अ‍ॅपवर 'इंडी रॉक' असं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा त्यांना वाटलं हे विजापूरकडच्या इंडी गावचं काहीतरी आहे. त्यांचे एक साडू तिकडं नोकरीला होते. आण्णांनी त्यांना फोन करून विचारलं, तुमच्या गावात एवढी बँडवाली पोरं कधीपासनं झाली? साडूंनी तब्येतीची चौकशी केली. ही गोष्ट आण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत. मग मीच त्यांना समजावलं, की मोठ्या कंपनीच्या जोरावर नव्हे, आपलं आपण गाणी काढणाऱ्या लोकांना तसं म्हणतात. "म्हणजे घरगुती," ते म्हणाले, आणि पुढं कायम 'घरगुती रॉक' असंच म्हणत राहिले.

नवी गाणी शोधायची त्यांची एक रीत होती. लोकप्रिय गाण्यांच्या यादीकडं ते बघायचेच नाहीत. एखादा बँड आवडला की त्यात ढोल कोण वाजवतो ते बघायचे. तो ढोलवाला आणखी कुणाकडं वाजवतो, तिथली गाणारी बाई आधी कुणाबरोबर होती, तिचा भाऊ काय करतो. वाडीतलं कुठलंही लग्न जमवायला आण्णांना बोलावणं असायचं, कारण चार तालुक्यांतली सोयरीक त्यांना तोंडपाठ होती. तीच विद्या त्यांनी इथं लावली होती. "ही चौघं आणि मागल्या महिन्यातली ती दोघं, एकाच भाऊकीतली," असं ते अगदी खात्रीनं सांगायचे.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. त्यामुळं गाण्यांना ते आपलीच नावं द्यायचे. खिडकीतली बाई. थंड देशातले चौघे. पायरीवर बसलेला. तपासणीच्या जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या असायच्या, त्यांच्या मागं ही नावं, शनिवारची तारीख आणि पुढं एक-दोन शब्दांत शेरा. 'ढोल उशिरा.' 'मधे हसली.' 'परत ऐकणे.' अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबर लावून डब्याच्या पिशवीत ठेवलेला असायचा.

शब्दांचा अर्थ सांगू का, असं मी सुरुवातीला विचारायचे. "नको," म्हणायचे. "शब्द कळले की माणूस शब्दच ऐकतंय." पण एका गाण्यानं त्यांना फारच धरलं. तीन आठवडे तेच. शेवटी म्हणाले, "एवढ्याचं तेवढं सांगा. कोण गेलंय ह्याचं?" मी ऐकलं. कुणी गेलं नव्हतं. एका माणसाचा फ्रीज बिघडला होता आणि आतली भाजी खराब झाली होती, एवढंच गाण्यात होतं. आण्णांनी गाणं परत एकदा लावलं. मग म्हणाले, "फ्रीजसाठी एवढं रडतोय म्हणजे मनानं चांगला असणार." गाणं यादीत राहिलं.

ज्या गाण्यांना ऐकणारे थोडे, तिथं ते थांबायचे. हजारो लोकांनी ऐकलेलं गाणं कितीही चांगलं असलं तरी यादीत घ्यायचे नाहीत. "त्येला माणसं हाईत. ज्येला कुणी न्हाय त्येच्याकडं बघूया." अशा गाण्याखाली ते मराठीत अभिप्रायही लिहायचे. 'छान. दुसऱ्या कडव्यात घाई झाली. गुंजीहून.' एकदा कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका मुलीनं ते यंत्रावर भाषांतर करून वाचलं असावं. तिनं उत्तर पाठवलं. मी त्यांना वाचून दाखवलं. घाई झाली हे खरं आहे, तिनं लिहिलं होतं, त्या दिवशी शेजारी लवकर घरी येणार होते. आण्णांनी ते उत्तर माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आणि त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं.

गाणी अकराच का, तर खानापूरपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत बसला तेवढीच लागायची. शनिवारी सकाळी बसमध्ये आण्णांची यादी वाजायची, हे त्यांनी ड्रायव्हरशी कसं ठरवलं होतं ते माहीत नाही. बाकीचे पाच दिवस सिनेमाची गाणी. शनिवारी मागच्या बाकांवरून तक्रार चालू असायची. "आण्णा, हे काय पोट दुखल्यावानी कण्हायलंय ओ?" भट्टीवरचा एक जण हमखास म्हणायचा. आण्णा मागं न बघताच सांगायचे, "थांब रं जरा, आता बरं वाटंल त्येला." आणि खरंच पुढच्या गाण्यात ढोल सुरू व्हायचा.

मी मच्छे गावात खोली घेऊन राहायचे. मच्छेच्या स्टॉपवर चढलं की दहा मिनिटांत फाटक, त्यामुळं मला बसमध्ये शेवटची दोनच गाणी मिळायची. म्हणून बाकीची ते मोबाईलवर पाठवायचे आणि डब्याच्या सुट्टीत विचारायचे. मी खोटं बोलले तर त्यांना कळायचं.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी, शिमगा होऊन गेल्यावरचा एक शनिवार. सुट्टीत आण्णांनी इअरफोनचं एक टोक माझ्याकडं दिलं. "हे ऐका. तीन बायका हाईत. सुरुवातीला दहा-बारा सेकंद नुसतं गप्प. एवढा वेळ गप्प बसायला धाडस लागतंय बघा."

मी ऐकलं. ते गप्प नव्हतं. झांजेसारख्या पितळी तबकड्या ड्रमच्या संचात असतात, त्यांवर कुणीतरी काडीनं फार हळू हात फिरवत होतं. पत्र्यावरून वाळू घसरावी तसा बारीक, चमकता आवाज वाढत वाढत येत होता, आणि मग बाईचा आवाज लागला.

"हां, आता सुरू झालं," आण्णा म्हणाले.

त्यांच्या बाजूचा इअरफोन बिघडला असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "आण्णा, टोकं बदलूया." आम्ही बदलली. त्यांनी गाणं परत पहिल्यापासून लावलं. मला तेच ऐकू आलं. आण्णा मोठे डोळे करून ऐकत होते, आणि आवाज वाढत होता तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून बोट ओठांवर ठेवलं. केवढी शांतता, असं त्यांना म्हणायचं होतं.

 चिठ्ठ्यांचा गठ्ठा जरा बघू का, असं मी विचारलं. त्यांनी आनंदानं दिला.

त्या रविवारी मी खोलीवर बसून त्या चिठ्ठ्या लावल्या. शेऱ्यांमध्ये 'गप्प सुरुवात' हे शब्द पहिल्यांदा दिसले ते चार महिन्यांपूर्वीच्या शनिवारी. मग महिन्यातून एकदा. मग जवळजवळ दर आठवड्याला. मी ती सगळी गाणी शोधून ऐकली. एकही सुरुवात गप्प नव्हती. कुठं तबकड्या होत्या, कुठं छोटी घंटी, एके ठिकाणी नुसती कुजबुज. आण्णांच्या कानातून वरचे बारीक आवाज निघून गेले होते, आणि ते शनिवारमागून शनिवार त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्यांना ते धाडस वाटत होतं.

आणि याच कानांच्या भरवशावर ते ब्रेक ड्रमवर बरोबरची खूण करत होते.

सोमवारी मी आण्णांनी पास केलेले, आवारात गाडीची वाट बघत असलेले चाळीसेक ड्रम लॅबमध्ये मागवून घेतले. एका तपासणीत ड्रमवर लाल रंग लावून पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात. चीर असेल तिथं लाल रेघ उमटते. दोन दिवस मी तेच करत होते. काही निघू नये असं मला फार वाटत होतं. बुधवारी दुपारी एका ड्रमवर रेघ आली. करंगळीएवढी लांब, केसाएवढी बारीक. शेजारी खडूनं केलेली बरोबरची खूण.

नियमाप्रमाणं मी आधी साहेबांकडं जायला हवं होतं. मी ड्रम उलटा करून टांगला, रेघ भिंतीकडं केली आणि आण्णांना बोलावलं.

"आण्णा, ह्याला एक टोला द्या."

त्यांनी दिला. नाद संपेपर्यंत थांबले. "चांगला हाय."

"परत एकदा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दिला. "चांगलाच हाय की, आक्का. का?"

मी ड्रम फिरवला. आण्णा वाकले. त्यांनी अंगठ्यानं ती रेघ पुसायचा प्रयत्न केला, ती पुसली नाही. मग खडूच्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही माझी."

"व्हय आण्णा."

लॅबमध्ये आणखी कुणी नव्हतं. बाहेर ग्राइंडर चालू होते. आण्णांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"मगाशी टोला दिला तवा तुम्हांला काय ऐकू आलं?"

"आधी नाद बरोबर होता. मग त्याच्या वर बारीक करकर आली. पत्रा हलल्यासारखी."

"करकर," ते म्हणाले. "ती मी लई दिवस झाले ऐकली न्हाय. मला वाटायलंतं, माल सुधारलाय."

मग मी त्यांना त्या तीन बायकांच्या गाण्याचं सांगितलं.  मी संपवल्यावर त्यांनी गठ्ठा मागितला, रबर काढलं आणि एकेक चिठ्ठी बघत विचारू लागले.

"ह्या पायरीवर बसलेल्याच्या सुरुवातीला?"

"घंटी आहे. लहान मुलाच्या पैंजणासारखी."

"आणि हे थंड देशातले?"

"कुजबुज. दोघं बोलतात."

"काय बोलत्यात?"

"ते मलाही कळलं नाही."

"बरं," ते म्हणाले. अकरा-बारा गाणी त्यांनी अशी विचारली. मग 'गप्प सुरुवात' असलेली सगळ्यात जुनी चिठ्ठी बाजूला काढली आणि उठले.

"चला. साहेब जाग्यावर असतील."

"आण्णा, मी आधी बोलू का?"

"तुम्ही कशाला? खूण माझी हाय."

आमचे साहेब धारवाडकडचे, कानडी बोलणारे. आण्णा त्यांच्यापुढं खुर्चीवर कधी बसायचे नाहीत, त्या दिवशीही उभेच राहिले. कानडीतच म्हणाले, "साहेब, माझे कान गेलेत. गेलेली गाडी परत बोलवा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांना म्हणाले, "तीस वर्षांचं काम आहे तुमचं. काय बोलताय ते कळतंय ना?"

"तीस वर्षांचं न्हाय बोलायलो, साहेब. ह्या तारखेपासनं पुढचं बोलायलोय." आणि त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. एका कोपऱ्यात शनिवारची तारीख, खाली अकरा गाण्यांची नावं. साहेबांना त्यातलं काही समजलं नाही. मी समजावून सांगितलं. ते बराच वेळ चिठ्ठीकडं बघत राहिले आणि मग त्यांनी फोन उचलला.

त्या तारखेनंतरचा, हाताला लागेल तो सगळा माल परत तपासायचा ठरलं. वाटेतल्या दोन गाड्या परत आल्या. गिऱ्हाईकाच्या कारखान्यात बसवण्याआधी यंत्रावर आणखी एक तपासणी होत असे, तिथून उत्तर यायचं होतं. ते यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आण्णांनी हातोडी धरली नाही. दुसरे दोघं टोले द्यायचे आणि आण्णा ड्रम उचलून साखळीला लावायचे, काढायचे, परत लावायचे. ते वयाच्या मानानं अवजड काम होतं. कुणी नको म्हटलं तर ऐकायचे नाहीत. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

दहाव्या दिवशी निरोप आला. तिकडच्या यंत्रावर चार ड्रम आधीच बाजूला निघाले होते, रस्त्यावर एकही गेला नव्हता. साहेबांनी आण्णांना केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं. बाहेर येऊन आण्णा लॅबच्या पायरीवर बसले आणि डबा उघडून जेवले. पूर्ण जेवले. मी समोर उभी होते.

कारखान्यात मात्र बोलणं झालंच. दिवसभर कानात ते घालून बसायचा, म्हणून कान गेले, असं लोक म्हणू लागले. बेळगावातल्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. गाण्यानं नाही, तीस वर्षांच्या टोल्यांनी आणि ग्राइंडरच्या आवाजानं हे झालंय. आण्णांनी हा निकाल कुणालाही जाऊन सांगितला नाही. मी चिडून म्हटलं, निदान बसमध्ये तरी सांगा. ते म्हणाले, "सांगून काय, कान परत येतात काय?"

निवृत्तीला दोन वर्षं होती. साहेबांनी त्यांना साच्यांच्या कोठारात बसवलं, लाकडी साचे मोजायचे आणि द्यायचे. तिथं शांत असायचं. कानाला लावायची यंत्रंही आली. त्यांनी माणसांचं बोलणं चांगलं ऐकू यायचं, पण गाणं म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं, असं आण्णा म्हणायचे. यादी बंद झाली. शनिवारीही बसमध्ये सिनेमाची गाणी वाजू लागली.

दीड-दोन महिन्यांनी मी एका रविवारी गुंजीला त्यांच्या घरी गेले. काकूंनी तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा केला होता. "शुक्कारी आता स्टेशनावर जाईत न्हाईत," त्या मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या. "आधी मी बोंबलायची, सकाळी सकाळी कशाला जातासा म्हणून. आता घरात बसलेले बघवंना गं."

आण्णा परड्यात म्हशीजवळ होते. मी विचारलं, काहीच ऐकत नाही का आता? म्हणाले, ऐकतो, पण फक्त कव्हर. मूळ गाणं चांगले कान असताना ऐकलेलं असतं, त्यामुळं कव्हरमधलं जे ऐकू येत नाही ते डोक्यातून भरून घेता येतं. "पण नवं गाणं लावायचं म्हणजे..." ते थांबले. "अर्धंच ऐकून चांगलं-वाईट ठरवायचं? ती पोरं एवढं करत्यात. आणि एकदा ठरवून बघितलं की मी. काय झालं ते तुम्हीच दाखवलासा."

 मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही खालचं ऐका. वरचं मी सांगते."

ते म्हशीचं आवरू लागले. पण पुढच्या शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत ते लॅबच्या दारात उभे होते, कानातली यंत्रं काढून खिशात ठेवलेली. "आक्का, ह्याच्यातलं वरचं काय हाय?"

हे सोपं नव्हतं. 'छान वाजतंय' म्हटलं की ते गप्प बघत राहायचे. मला शब्द शोधावे लागायचे. तबकडी कुठली, काडीनं वाजवली की हातानं, लांबून येते की जवळून, कितव्या ठेक्यावर येते, किती वेळ टिकते. पितळेच्या डब्याचं झाकण ठेवल्यासारखं, की ताटलीत मोहरी पडल्यासारखं. ते डोळे मोठे करून ऐकायचे, मग गाणं परत लावायचे आणि मी सांगितलेल्या जागी मान हलवायचे. सांगता सांगता मलाही असं काही ऐकू येऊ लागलं, जे मी सहा वर्षं ऐकत असून ऐकलं नव्हतं. तीन महिन्यांनी शनिवारी बसमध्ये परत अकरा गाणी वाजली. चिठ्ठीवर शेऱ्याचे आता दोन रकाने होते. एक त्यांचा, एक माझा.

आता आण्णा निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. मीही निपाणीला परतले. घरून कागलच्या एमआयडीसीत नोकरीला जाते. शुक्रवारी सकाळी कागलच्या बसमध्ये असतानाच त्यांची गाणी येऊ लागतात, म्हणजे ते स्टेशनच्या बाकावर पोचले असं समजायचं. मी ऐकते आणि दुपारी एकेका गाण्याचं वरचं लिहून पाठवते. ते त्यासाठी दुपारी परत बाकावर येतात आणि 'बरं' एवढंच लिहितात. फोन कधी करत नाहीत, फोनवर माणूस नीट ऐकू येत नाही म्हणून.

गेल्या महिन्यात एक गाणं आलं. एकच माणूस, जाडाभरडा आवाज, सोबत एक लाकडी वाद्य, तेही खालच्या पट्टीतलं. मी वरचं शोधत होते. बसमध्ये ऐकलं, कारखान्यात ऐकलं, दुपारी दार लावून ऐकलं. मग लिहिलं, 'आण्णा, ह्यात वर काहीच नाही. तुम्हांला येतं तेवढंच आहे.'

दोन मिनिटांत फोन आला. आण्णांचा.

"आक्का, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगत न्हाईसा न्हवं?"

"नाही आण्णा. तीनदा ऐकलं मी."

"काडी न्हाय, घंटी न्हाय?"

"काहीच नाही."

 पलीकडं गाडीची घोषणा चालू होती, आधी कानडीत, मग हिंदीत.

"म्हणजे हे आख्खं ऐकलं मी," आण्णा म्हणाले. "थांबा, ठेवतो. परत लावतो."